मेलं कोण, हे आधी विचारू

भाकऱ्या थापून झाल्या असतील, पोरं जेवली असतील. आता थोडा वेळ आपला.

आज बोलायचंय खुनाच्या मालिकांबद्दल. आपल्या पाड्यांवर ज्या घरी टीव्ही आहे, तिथे संध्याकाळी चार घरच्या बाया जमतात. मालिका रंगात आली की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, खून कोणी केला असेल? कोणी म्हणते दिराने, कोणी म्हणते भागीदाराने. पैजा लागतात. पण मेलं कोण, हा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही. आपल्या गटात हा विषय निघाला आणि आम्हांला वाटलं, याच्यावर बोलायला हवं. कारण हे टीव्हीपुरतं राहत नाही.

या गोष्टी आपल्याकडे नव्या नाहीत. १९८५ साली दूरदर्शनवर गाजर खाणारा करमचंद आला. मग मराठीत पोलिसांच्या तपासाची ‘एक शून्य शून्य’ आली. ती करणारे बी. पी. सिंग यांनीच पुढे १९९८ साली ‘सीआयडी’ सुरू केली. शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युम्न वीस वर्षं घरोघरी दिसले. दया दार तोडायचा, ते तर बारक्या पोरांनाही पाठ. पण त्या इतक्या भागांमध्ये मेलेल्यांची नावं आपल्याला किती आठवतात? प्रेत पहिल्या पाच मिनिटांत दिसतं, पांढरी चादर पडते आणि तपास सुरू होतो. मेलेला माणूस म्हणजे तपासाचं निमित्त.

तरीही एखादा भाग वेगळा निघतो. त्यात तपास करणारा मेलेल्या बाईच्या घरात जातो, तिची पेटी उघडतो. कोणाचे पैसे देणं होतं, कोणासाठी साडी घेऊन ठेवली होती, कोणाला ती घाबरत होती, हे एकेक कळत जातं. अशा भागात शेवटी खुनी सापडतो, पण आपल्या मनात ती बाई राहते. रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावरही तिचाच विचार येतो. आमच्या मते चांगली मालिका ती हीच.

टीव्ही नव्हता तेव्हाही खुनाच्या गोष्टी सांगितल्या जातच होत्या. मराठी मुलखातली सगळ्यांत गाजलेली म्हणजे नारायणराव पेशव्यांची. ३० ऑगस्ट १७७३, पुण्याचा शनिवारवाडा, गणपतीचे दिवस. गारदी वाड्यात घुसले आणि अठरा वर्षांच्या पेशव्याला त्यांनी मारलं. ‘काका, मला वाचवा’ आणि ‘ध चा मा’ एवढं तर शाळेत न गेलेल्या आजीलाही माहीत असतं. रामशास्त्री प्रभुण्यांनी तपास केला, राघोबादादांना दोषी धरलं. ‘ध चा मा’ केल्याचा ठपका लोकांनी आनंदीबाईवर ठेवला. त्याला पक्का पुरावा नाही, पण अडीचशे वर्षं झाली तरी तो डाग काही धुतला गेला नाही.

आता याच गोष्टीतलं मेलं कोण ते पाहा. त्या दिवशी वाड्यात एकटे नारायणराव मेले नाहीत. अकरा माणसं मारली गेली. धन्याला वाचवायला चापाजी टिळेकर नावाचा सेवक त्यांच्या अंगावर आडवा पडला, तोही गेला. आणि त्या अकरांमध्ये दोन कुणबिणी होत्या. कुणबीण म्हणजे वाड्यात राबणारी दासी. धुणं, दळण, पाणी, लेकरं सांभाळणं, सगळं तिच्याच अंगावर. गोष्ट सांगताना काका येतो, काकू येते, चिठ्ठीतलं अक्षर येतं. त्या दोघी येत नाहीत. त्या का धावल्या, कोणाला पाठीशी घालत होत्या, त्यांच्यामागे कोण रडलं, हे कोणी विचारलंच नाही. गरिबाघरची बाई मेली तर ती मोजली जाते, पण आठवली जात नाही.

तुम्ही म्हणाल, ही पेशवाईतली गोष्ट झाली. मग आपल्या डोळ्यांसमोरची घेऊ. ऑगस्ट २०१६ मध्ये साताऱ्याच्या वाई भागातलं प्रकरण उघडकीला आलं. डॉक्टर म्हणवून घेणाऱ्या एका माणसाला पोलिसांनी पकडलं. २००३ पासून तेरा वर्षांत त्याने सहा जणांना मारलं, असा पोलिसांचा आरोप. त्या सहांत पाच बाया. धोमच्या त्याच्या शेतघराजवळ जमीन उकरून मृतदेह बाहेर काढले. प्रकरण उघडं पडलं ते एका अंगणवाडीच्या बाईमुळे. ती बेपत्ता झाली, घरच्यांनी तक्रार दिली, आणि तिचा माग काढत पोलीस त्या शेतघरापर्यंत पोचले. तिच्या आधीच्या बाया मात्र वर्षानुवर्षं ‘बेपत्ता’ या एका शब्दाखाली राहिल्या.

मैत्रिणींनो, तेरा वर्षं म्हणजे पहिलीत घातलेलं पोर बारावी होऊन बाहेर पडतं. एवढा काळ एकेक बाई कमी होत गेली आणि कोणाला धागा जोडता आला नाही. बाई दिसेनाशी झाली की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘गेली असेल कोणाबरोबर तरी.’ ते एक वाक्य बोललं की शोधणं थांबतं. मारणाऱ्याला लपायला त्याहून बरी जागा कुठली?

याच प्रकरणावर बेतलेली ‘देवमाणूस’ मालिका ३१ ऑगस्ट २०२० पासून झी मराठीवर लागली. आपल्यापैकी पुष्कळ जणींनी ती पाहिली. तिची मांडणी उलटी होती. खुनी कोण ते आपल्याला आधीच ठाऊक, गावाला मात्र तो देवमाणूस. त्यामुळे एखादी बाई दागिने घेऊन त्याच्याकडे निघाली की टीव्हीसमोर बसलेल्या बायाच ओरडायच्या, ‘अगं, नको जाऊ!’ त्या ओरडण्यात माया होती. ती बाई मूर्ख नाही, लोभी नाही, तिला कोणीतरी आपलं म्हणणारं हवं होतं, हे आपल्याला कळत होतं. मालिकेतली चांगली गोष्ट आम्हांला हीच वाटली. पण तिचा दुसरा परिणामही झाला. नाव झालं ते डॉक्टरचं. पोरं त्याच्या नकला करू लागली. आणि मेलेल्या बायांची आठवण पुढच्या भागापर्यंतसुद्धा टिकली नाही.

मग मेलेल्या माणसाला लक्षात ठेवायचं ते कसं? ते शिकायला आपल्याला लांब जायला नको. आपल्या सिद्धगडाकडे बघा. २ जानेवारी १९४३ ला पहाटे या गडाच्या रानात हॉल नावाच्या अधिकाऱ्याच्या पोलिसांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना गोळ्या घातल्या. दर वर्षी २ जानेवारीला लोक थंडीत गड चढून येतात. पोलिसांना ठावठिकाणा कोणी दिला, हेही लोक बोलतात. पण तेवढ्यावर थांबत नाहीत. भाई माथेरानच्या नाभिक घरातले, शिकून वकील झाले, हे सांगतात. त्यांनी गोरगरिबांच्या पोरांसाठी शाळा काढल्या, हे सांगतात. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सावकाराच्या दारी जावं लागे, म्हणून त्यांनी धान्याची कोठी सुरू केली, हे सांगतात. मग १९४२ साली आझाद दस्ता आणि विजेचे मनोरे पाडणं. मरण येतं ते सगळ्यांत शेवटी.

भाई आणि हिराजी देशासाठी जाणूनबुजून त्या वाटेला गेले. वाईच्या बायांनी तसं काही निवडलं नव्हतं. दोन्ही मरणं एका मापाने मोजता येणार नाहीत. पण आठवण ठेवायची रीत एकच. माणूस कसा मेला याच्याआधी तो कसा जगला ते सांगायचं. हुतात्म्यांना आपण हा मान देतो. वीटभट्टीवर गेलेली आणि परत न आलेली आपली एखादी कातकरी वहिनी त्या मानाला पात्र नाही का?

म्हणून गटाच्या बैठकीसाठी आमचं सांगणं आहे. गावातली बाई किंवा पोरगी दिसेनाशी झाली, तर चोवीस तास थांबायची गरज नाही. लगेच पोलीस ठाण्यात जा आणि हरवल्याची नोंद करा. एकटीने जाऊ नका, गटाच्या चौघी मिळून जा. तिचा फोटो, अंगावरचे कपडे, मोबाइल नंबर, शेवटची कोणाला भेटली, हे लिहून न्या. नोंदीचा कागद हातात घेतल्याशिवाय परतू नका. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर अपहरणाचा गुन्हा नोंदवायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय. तातडीला ११२, बायांच्या मदतीला १८१, मुलांसाठी १०९८, हे नंबर दाराच्या मागे खडूने लिहून ठेवा. आणि भट्टीवर, बागायतीवर कोण कुठे गेलीय, मुकादम कोण, त्याचा नंबर काय, हे गटाच्या वहीत दिवाळीनंतर लिहायला सुरुवात करा. हप्त्यांची नोंद ठेवतो तशीच ही ठेवायची.

आणि कोणी म्हणालंच, ‘गेली असेल कोणाबरोबर तरी,’ तर गप्प बसू नका. तिचं नाव घ्या. ती कोणाची आई, कोणाची लेक, भात लावताना तिचा हात कसा चालायचा, ते सांगा. बाईचं नाव चारचौघांत घेतलं जात असलं की तिला शोधणं टाळता येत नाही.

उद्या संध्याकाळी मालिका लागेल तेव्हा बघा, जरूर बघा. खुनी ओळखायची पैजही लावा. फक्त त्याआधी शेजारणीला विचारा, मेलं कोण गं?