शेजारच्या खाटेवरची आई

वर्ध्यात बोलतो आहोत, तर सुरुवात सेवाग्रामपासूनच करू. १९४५ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानं इथे स्त्रिया आणि मुलांसाठी छोटं रुग्णालय उभं राहिलं. आपण इतिहासात संस्थापक लिहितो, इमारत लिहितो. शेजारच्या खाटेवरची बाई मात्र सुटून जाते.

आज तिच्याविषयी. दिवस भरण्याआधी आलेल्या बाळाची आतडी नाजूक असतात. वरचं दूध बाधण्याची भीती. आईला तर अजून पुरेसा पान्हाही फुटलेला नसतो. मग करायचं काय? १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी उघडली. आशियातली ही पहिली. जगातली पहिली १९०९ची, व्हिएन्नातली. जिला दूध जास्त, ती देते. ते ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून गोठवतात आणि दुसरीच्या बाळाला पाजतात. देणारीचं नाव घेणारीला कळत नाही.

शतपथ ब्राह्मणात ऋणं चार सांगितली आहेत: देवांचं, ऋषींचं, पितरांचं आणि चौथं माणसांचं. हे चौथं आम्ही वर्गात घाईनं उरकायचो. पुढे आमची नात सातव्या महिन्यातच जन्मली. सून रडत बसलेली. शेजारची आई म्हणाली, "ताई, माझंही नऊशे ग्रॅमचंच होतं, आता चौदाशेचं झालं. रडू नका, आधी दूध काढा."

सुनेनं तिचं नाव विचारलं नव्हतं. पंधरा दिवसांनी ती स्वतःच एका नव्या आईजवळ जाऊन बसली. इतिहासात याची नोंद कुठे करायची, तेवढं तुम्ही सांगा.