मुक्तद्वार आणि उंबरठा

द्वार उघडे असले म्हणजे मनुष्य आत येतोच असे नाही; उंबरठाही ओलांडता यावा लागतो. आम्हां बडोदेकरांस हा धडा श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी घालून दिला. १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. तथापि वाचावयास शिकलेल्या रयतेस ग्रंथ कोठून मिळावेत? म्हणून १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांस पाचारण करून त्यांनी ग्रंथालयांची घडी बसविली, आणि पेट्यांत भरलेले ग्रंथ खेड्यापाड्यांत जाऊ लागले. पुढे १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ने राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत मांडले.

आज संगणकाच्या प्रांतात तोच प्रश्न उभा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेला ग्नू प्रकल्प व लिनस टोरवाल्ड्स यांचे १९९१ सालचे लिनक्स यांतून अशी प्रणाली सिद्ध झाली, की जी कोणीही वापरावी, तपासावी, सुधारावी व दुसऱ्यास द्यावी. आम्हां वकिलांच्या दृष्टीने तिचा परवाना हे एक उदार दानपत्रच होय. परंतु घेणाऱ्यास भाषा व रीत उमगली नाही, तर दान कोठारातच पडून राहते. सी-डॅकच्या ‘बॉस’ लिनक्सने मराठी-कोंकणीची सोय केली, हे स्तुत्यच; पण देवस्थानाचा जमाखर्च लिहिणारा वृद्ध कारकून ती प्रणाली बसविताना अडला, तर त्यास हात धरून शिकविणार कोण?

बडोद्यात ग्रंथ फुकट ठेवून भागले नाही. पेटी गावापर्यंत न्यावी लागली. ती पेटी उचलणे हे आता जाणत्यांचे ऋण आहे.