'क्लेमोर': तलवारीचं नाव, सुरुंगाला

'क्लेमोर' हा शब्द माझ्या पिढीतल्या अनेकांसारखा मलाही 'कॉल ऑफ ड्यूटी' खेळताना कळला: दारापाशी लावायचा, शत्रू आला की फुटणारा सुरुंग. मूळ शब्द मात्र स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला, 'क्लायव्ह मोर'. क्लायव्ह म्हणजे तलवार (प्लासीच्या क्लाइव्हचा इथे संबंध नाही), मोर म्हणजे मोठी.

ही तलवार पंधराव्या-सोळाव्या शतकात हायलंड्समधले लढवय्ये दोन्ही हातांनी चालवत. लांबी सुमारे १४० सेंटिमीटर. पुढे एका हाताने चालवायची, मुठीभोवती पोलादी जाळीची टोपली असलेली रुंद पात्याची तलवार आली आणि नाव तिलाही चिकटलं. जेम्स बॉस्वेल १७७३ मध्ये स्काय बेटावरच्या डनव्हेगन किल्ल्यात गेला, तेव्हा तिथल्या मॅक्लाउड कुळाच्या एका जुन्या सरदाराची तलवार त्याने पाहिली. हल्ली त्याच नावाने ओळखली जाणारी तलवार हिच्यापेक्षा बरीच लहान असते, असं तो नोंदवतो. शस्त्रांचे काही अभ्यासक म्हणूनच या दुसऱ्या वापराला चूक ठरवतात. मला ते पटत नाही. त्या काळचे इंग्रज सभ्य गृहस्थ कमरेला जी बारीक, टोचायची तलवार लावत, तिच्या शेजारी ही 'मोठी'च होती. 'मोर' हे विशेषण कशाच्या तुलनेत, हे काळानुसार बदललं इतकंच.

१६ एप्रिल १७४६ला कलोडनच्या माळावर हायलंडर्सचा पराभव झाला. त्यानंतर त्यांच्या शस्त्रांवर आणि पोशाखावर कायद्याने बंदी आली. सूट फक्त राजाच्या फौजेत भरती होणाऱ्यांना. अशा हायलंडर पलटणींपैकी ७४वी आणि ७८वी १८०३ मध्ये आपल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध लढल्या.

भाषेवर अशी थेट बंदी घालायची गरजच पडली नाही. स्कॉटलंडच्या १८७२च्या शिक्षण कायद्यात गेलिकचा उल्लेखच नव्हता, तेवढं पुरलं. २०११च्या जनगणनेत गेलिक बोलणारे जेमतेम सत्तावन्न हजार भरले.

शब्द मात्र अमेरिकेत पोहोचला होता. १९५०च्या दशकात नॉर्मन मॅक्लाउड या संशोधकाने (आडनाव पुन्हा तेच) सुमारे सातशे पोलादी गोळ्या एका दिशेने फेकणारा सुरुंग तयार केला आणि त्याला त्या तलवारीचं नाव दिलं. व्हिएतनामच्या युद्धात तो सर्रास वापरला गेला. कोणती बाजू शत्रूकडे ठेवायची, ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं. इंग्रजीत.