आजीचा पितळी सोऱ्या मोडीत घालण्याआधी हे वाचा

होळी जवळ आली की जळगाव, धुळ्याच्या बाजारात साखरेचे हार-कंगन दिसू लागतात. साच्यात दोरा ठेवून वर साखरेचा पाक ओतला जातो. हे साचे बहुधा सागवानी. फराळाची जुनी साधने मात्र अनेक घरांत पितळेची: सोऱ्या, करंजीचे कातणे, मोदकाचा साचा. ती वजनावर मोडीत गेली की नक्षीही भट्टीत वितळते.

जुनी वस्तू घेताना काय पाहाल?

• सोऱ्याच्या सगळ्या चकत्या आहेत का?

• हिरवा थर म्हणजे तांब्याचा गंज. चिंच-मिठाने घासल्यावर तो निघतो.

• डाग देऊन जोडलेल्या सांध्यात शिसे असू शकते. अशी वस्तू फक्त शोभेला ठेवा.

• पितळेत आंबट पदार्थ कळकतात. वापरल्यावर लगेच धुवून कोरडे करा.

कायदा काय सांगतो?

१९७२ च्या कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू 'पुरावस्तू' ठरते. ती खासगी व्यक्तीला परदेशात पाठवता येत नाही.

कुठे पाहता येतील?

जुनी घरगुती भांडी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत.

आणि हो, साचा कोणत्या गावचा, कोणाच्या घरचा, हे चिठ्ठीवर लिहून त्यासोबत ठेवा. ही माहिती हरवली की उरते नुसते पितळ.