चेसापीकची बदके

१८०७ साली अमेरिकेत मेरीलँडच्या किनाऱ्याजवळ एक इंग्रजी जहाज बुडत होते. 'कँटन' जहाजाने खलाशांबरोबर न्यूफाउंडलंड जातीची दोन पिल्लेही वाचवली. कुत्र्याचे नाव ठेवले सेलर, कुत्रीचे कँटन. (वाचवणाऱ्या जहाजाचेच नाव, हे मला फार आवडले!) चेसापीक उपसागराच्या दलदलीत पडलेली बदके गारठवणाऱ्या पाण्यातून अलगद तोंडात धरून आणणारी तिथली कुत्री यांच्याच वंशातली. दाट, तेलकट केसांमुळे त्यांना थंडी बाधत नाही.

चार मित्र हौसेने शिकार करीत, तोवर ठीक होते. पुढे बाजारासाठी होडीवर तोफेएवढी बंदूक बसवून लोक थवेच्या थवे मारू लागले. कुत्र्याने तरी किती आणावीत? १९१८ च्या कायद्याने ही विक्री थांबली. १९३४ पासून शिकाऱ्याला दरवर्षी सरकारी तिकीट घ्यावे लागते, त्या पैशातून पाणथळ जागा राखतात. एक डॉलरचे पहिले तिकीट डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढले होते. त्यावर अर्थातच बदके!