ब्रॅडफर्डची गिरणी आणि आपला मजूर पक्ष

आपल्या पोरांत एक वाद कायम पेटलेला असतो. आपली लढाई जातीची की पोटाची? जातीचं बोललं की लाल झेंडेवाले म्हणतात, तुम्ही कामगारांत फूट पाडता. पोटाचं बोललं की आपलेच काही जण म्हणतात, हा कम्युनिस्ट झाला. दोस्तहो, या वादाचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. पण जयंतीच्या भाषणात ते पान कुणी उघडत नाही. म्हणून इथं लिहितो.

सुरुवात विलायतेतून करू. ब्रॅडफर्ड हे इंग्लंडातलं गिरण्यांचं शहर. तिथल्या मॅनिंगहॅम गिरणीत मखमल निघायची. डिसेंबर १८९० मध्ये मालकानं मजुरी कापली आणि हजारो कामगार बाहेर पडले. त्यात बाया-पोरीच जास्त. एप्रिल १८९१ पर्यंत संप चालला. रस्त्यावर लष्कर आलं. शेवटी पोटानं संप मोडला. पण हरलेल्या कामगाराला एक गोष्ट पक्की कळली. पार्लमेंटातले दोन्ही मोठे पक्ष मालकाचेच. मग जानेवारी १८९३ मध्ये त्याच ब्रॅडफर्डात 'इंडिपेंडंट लेबर पार्टी' निघाली. तिचा पुढारी केर हार्डी. मोलकरणीचा पोरगा, शाळा न शिकलेला, दहाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेला. १८९५ च्या निवडणुकीत पक्षाचे २८ उमेदवार उभे राहिले. सगळे पडले, हार्डीसकट. तरी माणसं मागं हटली नाहीत. १९०० मध्ये युनियनांना सोबत घेऊन त्यांनी जी समिती उभी केली, तीच १९०६ मध्ये लेबर पार्टी झाली.

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत पक्ष काढला. नाव तेच : स्वतंत्र मजूर पक्ष. नाव विलायतेत आधी होतं, दुखणं मात्र इथलं. ब्रॅडफर्डच्या कामगाराला मालक लुटत होता. मुंबईच्या अस्पृश्य कामगाराला मालक लुटत होता आणि वर शेजारचा कामगार शिवून घेत नव्हता. गिरणीत विणखात्याला पगार जास्त. पण तिथं धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागे. आपल्या माणसाचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालेना. म्हणून विणखात्याचं दार बंद! लाल बावट्याच्या युनियनमध्ये असलेल्या कामगारालाही हा विटाळ होताच. मग 'जगातल्या कामगारांनो' म्हणून हाक मारायची कुणाला?

१९३७ च्या निवडणुकीत पक्षानं मुंबई इलाख्यात १७ उमेदवार उभे केले, १४ निवडून आणले. दादासाहेब गायकवाड त्यातलेच. शामराव परुळेकर, अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्ण कार्यकर्तेही बाबासाहेबांच्या सोबत होते. पक्षाचं निशाण लाल होतं, हे आज किती जणांना ठाऊक आहे?

१७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी कोकणातली खोती मोडायचं बिल मांडलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. कुणबी आणि महार एका मोर्चात! काँग्रेसच्या सरकारनं बिल पुढं सरकू दिलं नाही. फेब्रुवारीत मनमाडच्या अस्पृश्य रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी सरळ सांगितलं की आपले दुश्मन दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी सरकारनं संपावर बंधनं घालणारं बिल आणलं. ७ नोव्हेंबर १९३८ ला बाबासाहेब आणि कम्युनिस्ट यांनी मिळून गिरण्या बंद पाडल्या. पोलिसांनी गोळीबार केला. संपाचा हक्क म्हणजे माणसाच्या स्वातंत्र्याचाच हक्क, ही बाबासाहेबांची मांडणी तेव्हाची आहे.

मग हा पक्ष गेला कुठं? १९४२ मध्ये क्रिप्स योजना आली. तिच्यात अस्पृश्यांना जागा नव्हती. सत्तेच्या वाटपात 'मजूर' म्हणून कुणी विचारत नव्हतं, जमात म्हणून मात्र वाटा मिळत होता. जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभी राहिली, आणि मजूर पक्ष मागं पडला.

आता विलायतेकडं परत बघा. १९४५ मध्ये तिथं लेबर पार्टीचं सरकार आलं. पंतप्रधान ॲटली. हा माणूस एकेकाळी त्याच हार्डीच्या पक्षाचा सभासद. शिवाय सायमन कमिशनमध्ये बसलेला. म्हणजे अस्पृश्यांचं दुःख त्यानं ऐकलेलं होतं. १९४६ मध्ये बाबासाहेब लंडनला जाऊन त्याला भेटले, अस्पृश्यांना संरक्षण मागितलं. रिकाम्या हातानं परत आले. मजुरांच्या सरकारला जात दिसलीच नाही. जुनी इंडिपेंडंट लेबर पार्टी तर १९३२ लाच लेबरमधून बाहेर पडून खंगत गेली. १९७५ मध्ये पक्ष म्हणून ती उरली नाही.

आपल्या जिंतूर-परभणीत हा पक्ष कधी निवडणुकीला उभा राहिला नाही, कारण आपण निजामाच्या राज्यात. पण वारं आलं. ३० डिसेंबर १९३८ ला कन्नड तालुक्यात मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांनी परिषद भरवली, बाबासाहेब आले. पुढं मजूर पक्षातूनच वर आलेल्या दादासाहेबांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले. आपल्याकडं गायरान कसणाऱ्या माणसाच्या अंगात जे बळ आहे, ते त्या मजूर पक्षापासून चालत आलेलं आहे.

१९७८ मध्ये नामांतरासाठी मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. जाळायला आलेल्यांतही भूमिहीन होते, कर्जानं पिचलेले होते. आज ऊसतोडीला जाणारा कुणीही असो, उचल मुकादमाचीच, हातात कोयताच. गावात परत आलं की मसणवटा मात्र वेगळा. नुसता पोटाचा झेंडा घेऊन जाल तर हा मसणवटा तुम्हाला दिसणार नाही. नुसता जातीचा घेऊन जाल तर मुकादम सुटून जाईल. १९३८ मध्ये बाबासाहेबांनी दोन दुश्मन दाखवले. त्यातला एकच निवडा, असं ते कुठं म्हणाले?

म्हणून दोस्तहो, यंदाच्या जयंतीला डीजेची वर्गणी थोडी कमी करा. मुकादमाकडं कुणाची किती उचल आहे, कुणाचं गायरान नावावर झालं नाही, त्याची वस्तीवस्तीवर यादी करा. ती यादी घेऊन तहसीलवर जाऊ. मजूर पक्षाचं राहिलेलं काम तिथून पुढं चालू होईल.

जय भीम.