हलका हात

श्रोतेहो, घरात कुणाचा पाय सुजला की आधी काय होते? चुलीवर तेलाची वाटी चढते. घरातली जाणती बाई किंवा आळीतला कुणी हातगुणाचा माणूस येऊन बसतो आणि कढत तेलाने पाय रगडायला लागतो. "जोर लावल्याशिवाय वात निघत नाही," असे म्हणत रोग्याच्या तोंडून 'आई गं' निघेपर्यंत हे चालते. शहापूर-मुरबाडकडच्या आपल्या घरांना हे दृश्य नवे नाही. दिवसभर लावणीच्या चिखलात वाकून भरून आलेल्या पोटऱ्यांना अशा रगडण्याने आराम पडतो, हेही खोटे नाही.

पण सगळे पाय एका कारणाने जड होत नाहीत. आज ज्या रोग्याविषयी बोलायचे आहे, त्याला हा जोर आणि हा कढतपणा, दोन्ही बाधतात. त्याला हवा असतो हलका हात. हा हलका हात वैद्यकाला सापडायला तीनशे वर्षे लागली. ती हकीगत आज सांगतो, आणि तिच्यातून आपल्या घरासाठी काय घ्यायचे तेही सांगतो.

रोगाचे नाव आहे मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टर मंडळी थोडक्यात एम.एस. म्हणतात. आपल्या विहिरीवरच्या मोटारीची वायर डोळ्यांसमोर आणा. वरचे आवरण जागोजाग खरवडले गेले तर मोटार कधी चालेल, कधी अडखळेल, कधी बंदच पडेल. मेंदू आणि पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू यांतल्या तंतूंनाही असेच आवरण असते. या रोगात शरीराची स्वतःची राखणदार फौजच चुकून त्या आवरणावर उलटते. मग एका डोळ्याने धूसर दिसते, पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, लघवी आवरत नाही, आणि थकवा असा येतो की झोपूनही जात नाही. बहुतेकांना हा रोग वीस ते चाळीस या वयात गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना अधिक.

यात फसवे काय आहे, तर सुरुवातीला ही लक्षणे येतात आणि काही आठवड्यांनी आपोआप उतरतात. त्यामुळे घरातले म्हणतात, सून ढोंग करते. शेजारी म्हणतात, बाहेरची बाधा आहे. यात वर्षे जातात आणि तोवर पाय जातो.

ही दिशाभूल राजवाड्यातही झाली आहे बरं का. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा एक नातू होता, ऑगस्टस डेस्टे. १८२२ साली एका नातेवाइकाच्या अंत्यविधीला गेल्यावर त्याची नजर अचानक मंद झाली आणि पुढे सुधारली. नंतर हळूहळू पाय लुळे पडत गेले. हे सारे तो आपल्या रोजनिशीत लिहीत राहिला. वैद्यांनी त्याला स्नाने घातली आणि औषधी द्रव्यांची चोळणी केली. रोगाला मात्र नावच नव्हते. १८४८ साली तो वारला. नाव मिळाले त्यानंतर वीस वर्षांनी. १८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को या डॉक्टरांनी रोग्यांची लक्षणे आणि मृत्यूनंतर मेंदूत दिसलेले कठीण चट्टे यांचा मेळ घालून हा वेगळा रोग असल्याचे दाखवले.

आपल्या कामाचा दुसरा शोध १८९० सालचा. जर्मनीतल्या उथॉफ नावाच्या नेत्रवैद्यांना दिसले की या रोग्यांनी श्रम केले की त्यांची नजर तेवढ्यापुरती मंद होते. पुढे कळले की मूळ कारण आहे उष्णता. अंग तापले की ते खरवडलेले तंतू संदेश वाहून नेईनासे होतात. हे इतके हमखास घडे की एके काळी रोग ओळखण्यासाठी संशयित रोग्याला गरम पाण्याच्या टबात बसवून पाहत. म्हणजे आपल्याकडच्या वैशाखात कढत तेल, वर शेक आणि वर गरम पाण्याची आंघोळ असा उपचार आपण केला, तर रोग्याचे पाय आणखी लटके पडले तर नवल नाही. अंग थंड झाले की बहुधा ते पूर्ववत होते. पण तेवढ्या वेळात तोल जाऊन माणूस पडतो, हाड मोडते.

हा रोग भारतात जवळजवळ नाहीच, असे पुष्कळ वर्षे समजत. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मुंबईच्या पारशी समाजात हा रोग चांगलाच आढळतो, असे दाखवले. त्याआधी १९८५ साली मुंबईतच या रोग्यांसाठी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था निघाली होती. एम.आर.आय. यंत्रे आल्यावर सर्वच समाजांत रोगी सापडू लागले. थोडक्यात, न ओळखल्यामुळे रोग नाही असे वाटत होते.

आता दुसऱ्या धाग्याकडे वळू. पायात काटा मोडून जखम चिघळली की जांघेत काय येते? अवधाण. काटा तळव्यात आणि गाठ जांघेत, हे कसे? या प्रश्नाच्या उत्तरातच आपला हलका हात लपलेला आहे.

१६२२ साली इटलीत आसेल्ली नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने नुकत्याच खाल्लेल्या एका कुत्र्याचे पोट उघडले, तेव्हा त्याला आतड्यांवर दुधासारख्या पांढऱ्या बारीक नळ्या दिसल्या. १६५२-५३ च्या सुमारास स्वीडनमध्ये रुडबेक आणि डेन्मार्कमध्ये बार्टोलिन यांनी दाखवले की अशा नळ्या साऱ्या शरीरात आहेत आणि त्यांतून एक पातळ द्रव वाहतो. त्याला आपण लसीका म्हणतो. रक्तवाहिन्यांतून जो द्रव मांसात झिरपतो, त्यातला मागे उरलेला भाग या नळ्या गोळा करतात, वाटेतल्या गाठींतून गाळून घेतात आणि गळ्याच्या हाडाजवळ पुन्हा रक्तात सोडतात. जांघेतले अवधाण म्हणजे या वाटेवरचा सुजलेला गाळणनाका.

या वाटेला हृदयासारखा मोठा पंप नाही. मोठ्या नळ्या स्वतः थोड्या आकुंचन पावतात, श्वासाची मदत होते, आणि चालताना पोटऱ्यांचे स्नायू दाबले जातात त्याची मोठी मदत होते. एम.एस.च्या रोग्याचे चालणे थांबले, तो दिवसभर पाय खाली सोडून खुर्चीत बसला, की हा पंप बंद. पाणी पायात साचते. पाऊल फुगते, कातडी ताणते, चप्पल चढत नाही. आधीच अशक्त असलेला पाय त्या ओझ्याने उचलवेनासा होतो.

सुजलेला पाय दिसला की आपल्या कोकणपट्टीत हत्तीरोगाची शंका येते. साचलेल्या जुन्या पाण्याच्या प्रदेशात 'श्लीपद' विशेष होते, असे सुश्रुतसंहितेत आहे. पुढे १८७२ साली कलकत्त्यात लुईस या डॉक्टरांना हत्तीरोगाच्या कृमींची पिल्ले माणसाच्या रक्तात दिसली, आणि १८७७ साली मॅन्सन यांनी डासाचा संबंध उलगडला. तो रोग वेगळा. त्यात कृमी लसीकेच्या वाटा बिघडवतात. एम.एस.मध्ये वाटा शाबूत असतात, फक्त त्यांना हलवणारे कुणी उरत नाही. म्हणूनच हाताचा उपयोग होतो.

पण हात कसा? १८९२ साली बेल्जियममधले शल्यवैद्य विनिवार्टर यांनी सुजलेल्या अवयवासाठी पाय उंच ठेवणे, पट्टी बांधणे आणि मालिश अशी त्रिसूत्री लिहून ठेवली. ती मागे पडली. मग १९३०च्या दशकात फ्रान्सच्या किनाऱ्यावर कान या गावी एमिल फोडर हे डेन्मार्कचे गृहस्थ पत्नी एस्ट्रिड यांच्यासह मालिशीचे काम करीत. सर्दी हटत नाही आणि मानेत गाठी सुजल्या आहेत, असे रोगी त्यांच्याकडे येत. त्या काळी अशा गाठींना हात लावू नये असा दंडक होता. फोडर यांनी हात लावला, पण फक्त कातडी सरकेल इतकाच, गोल आणि संथ. १९३६ साली पॅरिसमध्ये त्यांनी ही पद्धत लोकांपुढे मांडली. फोडर डॉक्टर नव्हते, त्यामुळे वैद्यकाने बराच काळ तिकडे लक्ष दिले नाही. १९६०च्या दशकात जर्मनीत डॉ. आस्डोंक यांनी ती रोग्यांवर तपासून पाहिली, आणि पुढे फोल्डी दांपत्याने तिला पट्टी, व्यायाम व त्वचेची निगा यांची जोड दिली. आपल्या देशात केरळातल्या कासारगोडला हत्तीरोगाच्या पायांसाठी आयुर्वेद, योग आणि आधुनिक वैद्यक यांचा मेळ घालून घरच्या घरी करायची निगा शिकवली जाते.

जोर का नको? कारण लसीकेच्या सुरुवातीच्या नळ्या कातडीच्या अगदी खाली असतात आणि केसाहून नाजूक असतात. रगडले की त्या दबून बंद होतात. उलट कातडी हळूच ताणून सोडली की त्यांची तोंडे उघडतात. करून पाहा. डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताची बोटे ठेवा. बोटे न घसरवता कातडी फक्त पुढे सरकवा आणि सोडा. हाड जाणवले तर जोर जास्त झाला. तेल नकोच, तेलाने बोटे घसरतात.

दुसरी गोष्ट क्रमाची. ती आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. उतारावरच्या वरच्या खाचरातले पाणी काढायचे तर आधी खालच्या खाचराचा बांध मोकळा करावा लागतो. शरीरात पाण्याची उताराकडची बाजू म्हणजे गळा आणि जांघ. म्हणून आधी गळ्याच्या हाडावरच्या खळग्यात, मग जांघेत, मग मांडीवर, मग पोटरीवर आणि शेवटी पावलावर हात जातो. प्रत्येक वेळी कातडी सरकवायची ती वरच्या दिशेला. एकेका जागी पाच-सात वेळा, श्वासाच्या संथ गतीने. हे एकदा फिजिओथेरपिस्टकडून नीट पाहून घ्यावे.

आता काही वेळा हात लावूच नये, त्या ध्यानात ठेवा. एकच पाय एकाएकी सुजला, दुखतो आणि गरम लागतो, तर शीर रक्ताच्या गुठळीने बंद झालेली असू शकते. फार काळ न हलणाऱ्या रोग्यात हे घडते, आणि गुठळी सुटून छातीत गेली तर जिवावर बेतते. ताबडतोब दवाखाना गाठावा. ताप आणि लालसर पाय असेल, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, कर्करोग असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश नाही.

मालिश झाल्यावरची काळजी मालिशीइतकीच मोलाची. अर्धा तास पाय उशीवर उंच ठेवून पडू द्यावे. सरकलेले पाणी रक्तात जाऊन लघवी वाढते, आणि या रोग्याला ती आवरणे जड असते. म्हणून भांडे जवळ ठेवावे आणि माणूसही जवळ असावा. पाणी पिणे मात्र तोडू नये. बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, भेगा पाहाव्यात. पायाला बधिरपणा असल्याने निखारा लागला तरी कळत नाही. म्हणून शेक, गरम पाण्याची पिशवी, चुलीजवळचे बसणे टाळावे. आंघोळीचे पाणी दुसऱ्याने हाताने पाहावे. अंथरुणाला खिळलेल्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, नाहीतर पाठीला जखमा होतात. घोटा वर-खाली हलवणे दिवसातून चार-पाच वेळा. दाबाचे मोजे सल्ल्यानेच.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या हलक्या हाताने एम.एस. बरा होत नाही. उतरते ती सूज, आणि सुटतो तो जडपणा. रोगाची चाल मंद करणारी औषधे १९९३ पासून निघाली आहेत. मालिशीने बरे वाटते म्हणून ती सोडू नयेत. तपासणीसाठी आसनगावहून किंवा कसाऱ्याहून लोकलने, मुरबाडहून एस.टी.ने कल्याण करून मोठ्या रुग्णालयात जावे लागले, तर पहाटेची गाडी धरावी आणि ओला पंचा जवळ ठेवावा. दुपारच्या उन्हातला प्रवास या रोग्याला दुहेरी पडतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याकडे दोन कामे मागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा रोग नावानिशी आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरले की सवलतींचा मार्ग मोकळा होतो. पण अर्ज कुणीतरी भरून द्यावा लागतो, आणि वाडीवर तो बहुधा गुरुजीच भरतात. दुसरे काम असे. एखादे पोर वर्गात सांगेल, आई अधूनमधून धडपडते, डोळ्याने अंधुक दिसते, आणि घरी म्हणतात ती नाटक करते. तेव्हा त्या घरी एकदा जाऊन या. त्या बाईला आधी तपासणीला नेण्याची गरज आहे, हे तुमच्या तोंडून घरच्यांना पटेल.

आणि घरातल्या जाणत्या आयाबायांना सांगणे एवढेच की तुमच्या हातचा गुण खोटा नाही. न्हाऊ-माखू घालताना तान्ह्या बाळाच्या टाळूवर तुम्ही जो हात फिरवता, तो किती हलका असतो! तोच हात या पायांसाठी आणा, आणि तेलाची वाटी चुलीवरून उतरवून ठेवा.